सगळेच सेल रिचार्जेबल करायचे का? घरातली एकेक वस्तू धरून सांगतो

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सारखे सेल आणावे लागतात, मुलाची रिमोटची गाडी आहे, सासऱ्यांचं बीपी मशीन आहे, तीन भिंतीवरची घड्याळं, टीव्हीचा नि सेट टॉप बॉक्सचा रिमोट, बाथरूमला गॅस गीझर, आणि पावसाळ्यासाठी एक बॅटरी, म्हणजे टॉर्च. मिस्टर म्हणतायत एकदाच चार्जर आणि रिचार्जेबल सेल घेऊन विषय संपवू, दुकानदार म्हणाला रिचार्जेबल १.२ व्होल्टचे असतात, ते चालणार नाहीत, त्यापेक्षा यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे घ्या. आणि ड्रॉवरमधे साठलेल्या जुन्या सेलचं काय करायचं तेही विचारलंय.

माझं कोल्हापुरात राजारामपुरीत रिपेरिंगचं दुकान आहे, रिमोट, घड्याळं, खेळणी, बीपी मशीन असलं सगळं टेबलावर येतंय, आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू मुळात बिघडलेल्याच नसतात, चुकीचा सेल घातलेला असतो नाहीतर सेल फुटून आतले पॉइंट खाल्लेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठला सेल चांगला हे बघायच्या आधी ती वस्तू सेल किती दिवसात खाते ते बघा. महिन्या-दोन महिन्यात सेल संपवणारी वस्तू असेल तर रिचार्जेबल. वर्षभर एकाच सेलवर चालणारी असेल तर साधा सेल, तिथं रिचार्जेबल घालणं म्हणजे पैसे अडकवून ठेवणं. आणि तिसरा प्रकार म्हणजे एरवी पडून असणारी पण लाईट गेल्यावर चाललीच पाहिजे अशी वस्तू, तिचा नियमच वेगळा आहे. बाकी वापर किती, घरात लहान मूल आहे का, चार्जिंग लक्षात ठेवणारं कोण आहे, यावर थोडं इकडं-तिकडं होतंय.

आधी व्होल्टचं बघू, कारण दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. साधा झिंक कार्बनचा सेल असो की त्याच्यापेक्षा महाग नि जास्त दिवस जाणारा अल्कलाइन, नवा असताना दीड व्होल्ट दाखवतो, हे बरोबर. पण तो दीड व्होल्टवर थांबत नाही, वापरायला लागलं की उतरायला लागतो, १.४, १.३, १.२ असं करत शेवटी ०.९ च्या आसपास संपतो. म्हणजे अल्कलाइन सेल त्याच्या आयुष्यातला बराच काळ १.२ च्या जवळपासच असतो, आणि वस्तू बनवणाऱ्यानं ते धरूनच डिझाइन केलेलं असतं. रिचार्जेबल सेल, म्हणजे निकेल मेटल हायड्राइडचा, चार्ज करून काढला की थोडा वर असतो आणि मग १.२ ला येऊन बराच वेळ तिथंच टिकतो, शेवटी एकदम खाली जातो. शिवाय त्याचा आतला रेझिस्टन्स कमी असतो, त्यामुळं मोटर किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश असलं काही करंट ओढायला लागलं तर तो दबत नाही. साधा लाल-निळा झिंक कार्बनचा सेल मात्र मोटर सुरू झाली की लगेच दबतो, टेस्टरवर दीड व्होल्ट दाखवणारा सेल गाडीत घातला की एक व्होल्टच्या खाली जातो, आणि लोक म्हणतात नवा सेल घातला तरी चालेना. त्यामुळं "१.२ आहे म्हणून चालत नाही" हे सरसकट खरं नाही. काही ठरावीक वस्तूंत खरं आहे, त्या पुढं सांगतो.

आता मुलाची गाडी. इथं कुठलाही विचार न करता रिचार्जेबल घ्या, तुमचा सगळ्यात जास्त खर्च इथंच होत असणार. गाडीत चार पेन्सिल सेल असतील असं धरू. अल्कलाइन सेल चाळीस रुपयाला एक धरला तर एका वेळचे एकशे साठ रुपये, आणि मूल जोरात खेळत असेल तर पंधरा दिवस पण जात नाहीत. चार चांगले रिचार्जेबल आणि बरा चार्जर मिळून अठराशे रुपये धरा, भाव थोडे पुढं-मागं होतील, पण बारा वेळा सेल बदलायच्या आतच ते वसूल झाले. पंधरा दिवसाला बदलत असाल तर सहा महिने. त्यानंतर जवळजवळ फुकटच, कारण चार्जिंगची वीज नगण्य आहे, एका पेन्सिल सेलमधे साधारण अडीच वॅट-अवरच मावतात, चार्जरमधे वाया जाणारं धरून दुप्पट लागली तरी एका युनिटमधे, म्हणजे हजार वॅट-अवरमधे, दोनशेच्या आसपास सेल चार्ज होतील. गाडी सुरुवातीला नव्या अल्कलाइनपेक्षा किंचित हळू वाटेल कारण सहाऐवजी ४.८ व्होल्ट मिळतात, पण तो वेग शेवटपर्यंत टिकतो.

मुलाला एकच गोष्ट शिकवा, गाडी मंद झाली की थांबायचं नि सेल चार्जिंगला द्यायचे. "अजून थोडी पळते" म्हणून पार मरेपर्यंत पळवली की चारातला जो सेल कमजोर असतो तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे तीन त्याच्यातनं उलटा करंट ढकलतात, तो सेल मग कायमचा जातो. रिचार्जेबल सेल "लवकर खराब झाले" म्हणून येतात त्यातली बरीचशी कारणं हीच असतात. आणि जुन्या निकेल कॅडमियम सेलच्या काळातला तो मेमरीचा नियम, पूर्ण संपवल्याशिवाय चार्ज करायचं नाही, तो आताच्या सेलला लावू नका, अर्धे असताना चार्ज केले तरी चालतंय. गाडीच्या हातातल्या रिमोटमधे मात्र साधे सेल ठेवा, तो काही खात नाही.

घड्याळांचं नेमकं उलटं. भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ इतका कमी करंट घेतं की वीस रुपयाचा साधा सेल वर्षभर आरामात जातो. तिथं अडीचशे रुपयाचा रिचार्जेबल घातला तर पैसे वसूल व्हायला बारा-तेरा वर्षं लागतील, तेवढा तो सेलच टिकत नाही. महागडा अल्कलाइन पण नको. अल्कलाइन जास्त दिवस जातो म्हणून लोक घड्याळात घालून विसरतात, आणि विसरलेला अल्कलाइन फुटला की आतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन पॉइंट खातो, घड्याळाची मशीनच बदलावी लागते. साधा सेलही गळतो, पण वर्षाला बदलला तर ती वेळ येत नाही. पाडव्याला किंवा दसऱ्याला, जो दिवस लक्षात राहतो त्या दिवशी तिन्ही घड्याळांचे सेल एकदम बदलून टाका. मधेच सेल उतरायला लागला तर ओळखायची खूण सांगतो, सेकंद काटा नऊच्या आसपास अडखळायला लागतो, जागच्या जागी टकटक करतो, कारण तिथनं त्याला वर चढायचं असतं आणि ताकद कमी पडते. काटा तिथं अडकला म्हणून घड्याळ रिपेरिंगला आणू नका, आधी सेल बदलून बघा.

टीव्हीचे रिमोट पण याच गटात. छोटे पेन्सिल सेल, साधे किंवा अल्कलाइन, वर्षातनं एकदा. बटण दाबून पण चालत नसेल तर मोबाईलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचा पुढचा दिवा त्याच्यासमोर धरा नि बटण दाबा, बऱ्याच मोबाईलमधे तो जांभळट चमकताना दिसतो (मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघा). चमकला म्हणजे सेल आणि रिमोट ठीक आहेत, भानगड दुसरीकडं आहे.

बीपी मशीनवर मी जरा जास्त लिहितो कारण ते खेळणं नाही, सासऱ्यांच्या गोळ्या त्या आकड्यावर ठरत असणार. मशीनमधे हवा भरायचा पंप असतो, त्याला दणकून करंट लागतो, म्हणून त्यात साधा झिंक कार्बनचा सेल घालूच नका. तो नवा असून पण पंप सुरू झाला की दबतो, मग मशीन बॅटरीचं चिन्ह दाखवतं किंवा मधेच एरर देतं आणि घरचे म्हणतात मशीन बिघडलं. रिचार्जेबल चालतात, पण काही मशीन दीड व्होल्टच्या हिशोबानं सेट केलेली असतात, ती १.२ बघून सेल भरलेले असताना पण बॅटरी कमी असं सांगायला लागतात. पुस्तिकेत रिचार्जेबल चालतील असं लिहिलं असेल तर बिनधास्त घाला, नसेल तर चांगले अल्कलाइन. आणि एक करा, मशीनच्या कडेला अॅडॉप्टरची पिन असते बघा, असेल तर त्याच मॉडेलसाठी सांगितलेला अॅडॉप्टर घ्या, घरी रोज सकाळ-संध्याकाळ बघत असाल तर सेलचा प्रश्नच मिटला. मशीन महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

गॅस गीझर. यात मोठे दोन सेल लागतात आणि ते फक्त ठिणगी पाडायला नि आतला गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरायला असतात. तुमच्या दुकानदाराचं म्हणणं इथं लागू पडतं. दोन रिचार्जेबल मिळून २.४ व्होल्ट होतात आणि कित्येक गीझरना तेवढ्यावर ठिणगी नीट पडत नाही, पेटला तरी मधेच बंद होतो. शिवाय मोठ्या आकाराचे रिचार्जेबल म्हणून जे स्वस्तात मिळतात त्यात बऱ्याचदा आत पेन्सिल सेलच बसवलेला असतो, वजन हातात घेतलं की कळतंय. तेव्हा इथं साधे मोठे सेल किंवा अल्कलाइन, दोन्ही एकदम बदलायचे, एक नवा एक जुना करायचं नाही. ठिणगीचा टकटक आवाज मंद झाला किंवा दोन-तीनदा नळ सोडल्यावर गीझर पेटायला लागला की सेल बदला. बाथरूममधल्या वाफेनं तिथले पॉइंट लवकर गंजतात, म्हणून सेल बदलताना कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. विषय सेलचा असला तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर झरोका किंवा एक्झॉस्ट फॅन पाहिजेच पाहिजे, थंडीत खिडक्या गच्च लावून अंघोळ करू नका, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणसाला कळायच्या आत बेशुद्ध करतो.

आता पावसाळ्याची बॅटरी, आणि याचा तो वेगळा नियम. कोल्हापुरात राहणाऱ्याला २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै सांगायला नको. पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्कात शिरलं, चिखली-आंबेवाडीकडची तर गावंच पाण्यात गेली, हायवे शिरोलीजवळ बंद पडला, कितीतरी भागात दिवसेंदिवस लाईट नव्हती. अशा वेळी रिचार्जेबल सेल एकदा उतरला की तो भरायचा कुठं. आणि घरात असलेली ती चार्जिंगची बॅटरी, प्लग खुपसायची, ती वर्षभर कपाटात पडून असती आणि नेमक्या रात्री मेलेली निघते. म्हणून या एका कामाला अल्कलाइन सेल, चांगल्या कंपनीचे, सीलबंद. त्यांच्यावर बहुतेक दहा वर्षांपर्यंतची तारीख असते आणि पाकीट न फोडता कोरड्या डब्यात ठेवले तर ते खरोखर टिकतात. बॅटरीत घालून ठेवू नका, बॅटरीशेजारी ठेवा, म्हणजे गळून बॅटरी खराब व्हायला नको, बदलायचा एक जादा सेट पण ठेवा. मे महिन्यात एकदा घालून बघायचं, पेटते का बघायचं, परत काढून ठेवायचं. घरात रिचार्जेबल आहेत तर त्यांचाही उपयोग होईल, जूनच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण चार्ज करून ठेवा, आणि चार्जर घेताना यूएसबी केबलवर चालणारा घेतला तर पॉवर बँकेवरनं पण सेल भरता येतील, पण मुख्य भरवसा अल्कलाइनवर.

यूएसबीवाल्या १.५ व्होल्टच्या सेलबद्दल. आत लिथियम आयनचा छोटा सेल असतो, त्याचा व्होल्टेज ३.७ च्या आसपास, आणि एक छोटं सर्किट तो खाली आणून १.५ देतं. फायदा असा की शेवटपर्यंत १.५ मिळत राहतात, त्यामुळं १.२ वर अडणाऱ्या वस्तूत ते चालतात. तोटा पण तोच, शेवटपर्यंत १.५ आणि मग एकदम शून्य. तुमच्या बीपी मशीनला किंवा दाराच्या डिजिटल लॉकला सेल संपत आल्याचं कळतच नाही, सूचना न देता बंद. रेडिओत घातले तर त्या सर्किटमुळं खरखर येऊ शकते. आणि यांच्यावर एमएएचच्या (सेलमधे किती चार्ज मावतो त्याचं नेहमीचं माप) ऐवजी मिलीवॅट-अवरमधे मोठा आकडा छापलेला असतो, ३००० बघून लोकांना वाटतं डबल ताकद, तर ३००० ला १.५ नं भागा, २००० एमएएच होतात, म्हणजे साध्या चांगल्या रिचार्जेबलएवढाच. आकडे फसवे असायचा प्रकार दुसरीकडं पण आहे, निकेलच्या पेन्सिल सेलवर कुणी चार हजार, पाच हजार एमएएच छापलं असेल तर सरळ खोटं समजा, त्या आकारात २७०० च्या आसपासच्या वर जातच नाही. तुमच्या घरात यूएसबीवाल्या सेलची गरज असलेली एकही वस्तू मला दिसत नाही, पैसे निकेलच्या सेलमधे घाला.

ते घेताना "लो सेल्फ डिस्चार्ज" किंवा "रेडी टू यूज" लिहिलेले बघून घ्या. जुन्या पद्धतीचे रिचार्जेबल नुसते पडून महिनाभरात वीस-तीस टक्के उतरायचे, त्यामुळं त्यांचं नाव खराब झालं. २००५ मधे सान्यो कंपनीनं एनेलूप आणला तेव्हापासून हा नवा प्रकार सुरू झाला, हे वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवतात, आता बऱ्याच कंपन्या बनवतात. २००० एमएएचचा असा सेल २५०० वाल्यापेक्षा जास्त वर्षं टिकतो, मोठ्या आकड्यामागं जाऊ नका. डब्यावर हजार, दोन हजार वेळा चार्जिंग लिहिलेलं असतं, घरात तेवढं कुणी करत नाही, वयोमानानंच आधी जातात, चार-पाच वर्षं नीट गेले तरी भरपूर वसूल झाले.

सेलपेक्षा चार्जर महत्त्वाचा, इथं कंजुषी करू नका. सेलबरोबर फुकट मिळणारा चार्जर बहुतेक टायमरवर चालतो किंवा रात्रभर नुसता करंट सोडत राहतो, सेल भरला की रिकामा त्याला कळत नाही, आणि जोडीनं चार्ज करतो, म्हणजे एक सेल भरलेला एक अर्धा असला तर एक शिजतो आणि एक उपाशी राहतो. प्रत्येक खाचेला वेगळा दिवा किंवा वेगळा आकडा असलेला, सेल भरल्यावर आपोआप थांबणारा घ्या. चार्ज होताना सेल कोमट लागणं ठीक, हात लावता येईना इतका तापला तर काढा आणि तो सेल बाद. चार सेल एका दिवशी आणलेले ते कायम एकत्रच वापरा, त्यांच्यावर मार्करनं एक खूण करा. आणि साधा किंवा अल्कलाइन सेल चार्जरला लावायचा नाही म्हणजे नाही, गरम होऊन फुटतो. उन्हात ठेवून किंवा दातानं दाबून सेल परत चालवायचे उपाय पण बंद करा, तेवढ्यात तो गळून रिमोट घेऊन जातो.

घरात मूल आहे म्हणून बटण सेलचं सांगतोच, तुम्ही विचारलं नसलं तरी. थर्मामीटर, वजनकाटा, कारची चावी, दिव्याच्या माळा, गाणं वाजणारी खेळणी, यात असतात. तो तीन व्होल्टचा नाण्याएवढा लिथियम सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासात आतनं भाजायला लागतं. मूल रडत असो की शांत, शंका जरी आली तरी उलटी करवायला जाऊ नका, सरळ दवाखाना गाठा, सीपीआर (आपलं कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचं जे मोठं असेल ते. ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ते खेळणं घरात ठेवूच नका. आणि या सेलच्या जागी त्याच मापाचा रिचार्जेबल मिळतो तो बसवू नका, तो पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्टपर्यंत असतो, वस्तू जळते.

सेल फुटून पांढरी-हिरवट पूड आलीच असेल तर हातात मोजे घाला, अल्कलाइनचा असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, साध्या सेलचा असेल तर पाण्यात कालवलेला खायचा सोडा, हलक्या हातानं पुसा, मग कोरडं करून एक दिवस उघडं ठेवा. पॉलिश पेपरनं खरवडू नका, स्प्रिंगचा मुलामा गेला की महिन्यात गंजते.

ड्रॉवरमधल्या जुन्या सेलपैकी जे खेळण्यातनं काढलेत ते लगेच टाकू नका. गाडीला न पुरणारा सेल घड्याळात अजून काही महिने चालतो, गळायची लक्षणं नसतील तर तिथं वापरून संपवा. बाकीचे ओल्या-सुक्या कचऱ्यात नको. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणं आपण ते वेगळे द्यायचे आणि बनवणाऱ्या कंपन्यांनी परत घ्यायची व्यवस्था करायची असं ठरलंय, सेलवर काट मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते त्याचसाठी. प्लॅस्टिकच्या डब्यात साठवा, लिथियम नि बटण सेलच्या दोन्ही बाजूला चिकटपट्टी लावा म्हणजे एकमेकाला टेकून तापणार नाहीत. डबा भरला की ई-कचरा गोळा करणाऱ्याला द्या, नाहीतर राजारामपुरीकडं आलात तर माझ्याकडं आणून टाका, दुकानात वेगळा डबा ठेवलाय, आजूबाजूचे लोक पण त्यातच आणून टाकतात.